शेवरोलेट ३१०० पिकअपमध्ये २१६ काढून २३५ कसं बसवावं

१९४७ ते १९५३ या काळातल्या शेवरोलेट ३१०० पिकअपमध्ये कारखान्यातून २१६ घनइंचांचं सहा सिलिंडरी इंजिन येत असे. ते चांगलं इंजिन होतं, पण आजच्या रस्त्यांना साजेसं नाही. त्याच्या कनेक्टिंग रॉडमध्ये ओतीव बॅबिट (मऊ मिश्रधातू) धातूचं बेअरिंग असतं आणि त्याला दाबाने तेल मिळत नाही. रॉडच्या तळाला असलेल्या डिपरने तेल उडवून घ्यायचं, एवढीच व्यवस्था. तासाला ४५ मैलांच्या आसपास ते मजेत चालतं. मागच्या ॲक्सलचा ४.११ रेशो कायम ठेवून हायवेवर सलग ताणलं, तर मात्र बॅबिट सुटतं. ते पुन्हा ओतून देणारे कारागीर आता अमेरिकेतही मोजकेच उरलेत.

म्हणून बरेच जण त्याच घराण्यातलं पुढचं इंजिन बसवतात: फुल प्रेशर तेलाचं, म्हणजे बेअरिंगांना दाबाने तेल देणारं, २३५. ते बाहेरून जवळपास तसंच दिसतं, बेल हाउसिंगला (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या घंटेसारख्या कवचाला) तसंच बसतं आणि गाडीचं रूप बिघडत नाही. वेल्डिंग किंवा चासी कापाकापी लागत नाही. अडचणी येतात त्या इंजिनच्या दोन टोकांना. पुढे वॉटर पंप आणि माउंटिंग, मागे फ्लायव्हील आणि सेल्फ. ही दोन्ही टोकं नवं इंजिन जमिनीवर असतानाच जुळवून घ्या. चेनब्लॉकला लटकलेल्या इंजिनवर विचार करायची वेळ आली, तर तयारी कमी पडली असं समजा.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. जनरल मोटर्सने १९२८ ते १९५४ मुंबईत शिवडीला गाड्या जोडल्या, त्यामुळे या घराण्यातले जुने शेवरोलेट इथेही सापडतात. उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाडीत डिस्ट्रिब्यूटर, पेट्रोल पंप आणि सेल्फ हे सगळं स्टिअरिंगच्याच बाजूला येतं. हात घालायला जागा कमी मिळते, तेव्हा खाली दिलेली जुळवाजुळव तिथे दुप्पट काळजीने करा.

आधी कागद

अमेरिकेतल्या काही राज्यांत जुन्या गाड्यांची नोंदणी इंजिन नंबरवर झालेली असते. टायटलवरचा (मालकीच्या दाखल्यावरचा) नंबर दाराच्या खांबावरच्या पट्टीशी जुळतो की इंजिनवरच्या ठशाशी, ते आधी बघा. इंजिनशी जुळत असेल तर दुरुस्ती अगोदर करून घ्या. भारतात इंजिन बदलायला आरटीओची परवानगी आणि आरसीवर नव्या नंबरची नोंद लागते. २०२१च्या व्हिंटेज वाहन नियमांना मूळ स्वरूपातली गाडी अपेक्षित आहे, इंजिनसुद्धा त्यात आलं. त्या नोंदणीचा विचार असेल तर पाना हातात घेण्याआधी आरटीओत विचारा.

कोणतं २३५?

इथेच सर्वांत जास्त पैसे बुडतात. २३५ हा आकडा १९४१ पासून मोठ्या ट्रकांत होता, पण १९५३ पर्यंतचं ट्रकचं २३५ हेही बॅबिट आणि डिपरवालंच. ते बसवलंत तर मेहनत करून पुन्हा मूळ अडचणीवर येऊन थांबाल. फुल प्रेशर २३५ पॉवरग्लाइड (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या) मोटारींत १९५३ला आणि ट्रकांत १९५४ला आलं आणि १९६२ पर्यंत चाललं.

ओळखायला नंबरांचा तक्ता लागत नाही. टॅपेट कव्हर बघा. मधोमध वरून दोन नटांनी धरलेलं असेल तर इंजिन जुनं. कडेला चार स्क्रू असतील तर नवं. मग बाजूचं पुशरॉड कव्हर बघा. जुन्यात ते उंच असून स्पार्क प्लगच्या वरपर्यंत जातं, नव्यात आखूड असून प्लगच्या खालीच संपतं. या दोन्ही खुणा जुळायला हव्यात, कारण कव्हरं आणि हेडं इतक्या वर्षांत इकडची तिकडे झालेली असतात. ब्लॉकवर ओतकामाची तारीखही असते: महिन्याचं अक्षर, दिवस आणि वर्षाचा शेवटचा आकडा. ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर.

पॉवरग्लाइड मोटारीतून आलेल्या इंजिनात बहुधा हायड्रॉलिक टॅपेट असतात आणि मागे फ्लायव्हीलच्या जागी पातळ प्लेट. ते वापरता येतं, फक्त क्रँकच्या टोकाला पायलट बुशिंगचं (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणाऱ्या बुशचं) भोक नीट मापाचं आहे का ते आधी तपासा. १९५४ ते १९६२ मधलं ट्रकचं २६१ मिळालं तर उत्तमच. बसवायची पद्धत तीच. फक्त त्यातले सिलिंडर एकमेकांना चिकटलेले असल्याने ब्लॉक आणि हेडमध्ये वाफ जाण्याची बारीक भोकं असतात. हेड आणि गास्केट दोन्हींत ती हवीतच. २३५चं गास्केट तसंच चढवलं तर दोन सिलिंडरांमध्ये वाफ कोंडते आणि हेड तडकतं.

विकत घेताना कॉम्प्रेशन मोजा. सहा सिलिंडरांच्या आकड्यांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर हेड काढून बघितल्याशिवाय व्यवहार करू नका. या हेडांना व्हॉल्व्हच्या दोन सीटांमध्ये तडा जाण्याची सवय आहे. थंड प्रदेशातलं इंजिन असेल तर ब्लॉकची बाजू तारेच्या ब्रशने घासून बघा. आत पाणी गोठून गेलेली चीर गंजाखाली लपलेली असते.

काय काय गोळा करावं

- गास्केटचा पूर्ण सेट आणि मागच्या मेन बेअरिंगचं दोरीचं सील
- वॉटर पंप ॲडॅप्टर प्लेट (१९५५ नंतरचं इंजिन असेल तर)
- पुढचं रबर माउंटिंग, मागची दोन रबरं
- क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बुशिंग
- ० ते ६० पाउंडांचा ऑइल प्रेशर गेज
- इथेनॉल सोसणारा पेट्रोल होज आणि पंपाचा डायफ्रॅम
- इंजिन आणि चासी यांच्यामधली नवी अर्थची पट्टी
- पाच क्वार्ट, म्हणजे सुमारे पावणेपाच लिटर तेल. झिंक असलेलं, सपाट टॅपेटच्या इंजिनासाठीचं

टन-दीड टनाचा चेनब्लॉक किंवा इंजिन क्रेन, गिअरबॉक्सखाली द्यायला जॅक, टॉर्क पाना, फिलर गेज आणि पुली काढायचा पुलर ही हत्यारं हवीतच. इंजिन तीनशे किलोच्या आसपास भरतं. झाडाच्या फांदीला दोर बांधून हे काम करू नका.

पुढचं टोक

या पिकअपमध्ये इंजिन पुढून क्रँक पुलीखालच्या एका माउंटिंगवर टेकतं आणि मागून बेल हाउसिंगच्या दोन कानांवर. १९५५ नंतर मोटारींत बाजूची माउंटिंगं आली. त्यामुळे मोटारीतल्या २३५ला पुढच्या माउंटिंगची सोय असेलच असं नाही. २१६ची पुढची प्लेट आणि माउंटिंग नव्या ब्लॉकवर धरून बघा. भोकं आहेत पण आटे नाहीत, असा प्रकार आढळतो. आटे जमिनीवरच पाडून घ्या. त्यासाठी टायमिंग कव्हर काढावं लागलं तर लक्षात ठेवा: त्याचे दोन बोल्ट मागच्या बाजूने, क्रँककेसच्या आतून येतात. ऑइल चेंबर उतरवल्याशिवाय ते दिसतही नाहीत. ते विसरून कव्हर ओढलं की पत्रा वाकतो आणि क्रँक सील कायमचं गळायला लागतं.

ऑइल चेंबर उघडलंच आहे तर तेलाची जाळी धुऊन घ्या. चेंबर बदलावं लागलं तर जाळीही त्याच्याच जोडीची घ्या. खोल चेंबरमध्ये आखूड जाळी बसली तर चढावर पंपाला हवा मिळते.

आता पंप. १९५४च्या ट्रकचं इंजिन असेल तर तुमचा जुनाच पंप बसतो. १९५५ नंतरच्या ब्लॉकवर पंप वेगळ्या जागी आणि वर बसतो, म्हणून पंखा रेडिएटरच्या मध्यावर येत नाही, वरच्या टाकीला लागण्याची भीती असते. त्यावर उपाय म्हणजे ॲडॅप्टर प्लेट. ती नव्या ब्लॉकवर बसवायची आणि तिच्यावर २१६चा पंप. प्लेटच्या दोन्ही बाजूंना गास्केट आणि पातळ सीलंट लावा. काउंटरसंक स्क्रू प्लेटच्या पृष्ठभागाच्या वर राहिले तर पंप तिरका बसतो. थर्मोस्टॅटचं घर पंपाशी जुळणारं हवं. दोघांमधला आखूड बायपास होज नंतर लावायला गेलात तर बोटं सोलतील, म्हणून तो पंपाबरोबरच चढवा.

पुल्यांची रुंदीही मोजा. जुन्या इंजिनाचा फॅन बेल्ट रुंद, नंतरच्याचा अरुंद. क्रँक, पंखा आणि डायनॅमो या तिघांच्या पुल्या एकाच रुंदीच्या आणि एका रेषेत हव्यात. सरळ पट्टी लावून बघा. क्रँकवरचा बॅलन्सर दाबून बसवलेला असतो, बऱ्याच इंजिनांत त्याला मधला बोल्टच नसतो. तो पुलरनेच काढा. बसवताना बाहेरच्या कड्यावर हातोडा मारू नका, कारण आतलं रबर सुटलं की टायमिंगच्या खुणेचा आणि बॅलन्सचा दोन्हींचा पत्ता लागत नाही.

मागचं टोक

बेल हाउसिंग तुमचंच ठेवा. मागची माउंटिंगं त्याच्यावर आहेत आणि ब्लॉकची बोल्टांची मांडणी १९६२ पर्यंत तीच राहिली. गिअरबॉक्सही तोच ठेवणं शहाणपणाचं, कारण १९५४ पर्यंतच्या अर्ध्या टनाच्या पिकअपमध्ये ड्राइव्ह शाफ्ट बंद नळीत असतो. गिअरबॉक्स बदललात की मागचा ॲक्सलही बदलावा लागतो आणि काम तिप्पट होतं.

फ्लायव्हीलचं गणित दातांवर आहे. सहा व्होल्टच्या गाडीत रिंग गिअरला १३९ दात, बारा व्होल्टच्या गाडीत १६८. सेल्फ त्याच जोडीचा हवा. गाडी सहा व्होल्टची ठेवणार असाल तर जुनं १३९ दातांचं फ्लायव्हील आणि पायाने दाबायचा सेल्फ नव्या इंजिनावर चढवा. बारा व्होल्ट करणार असाल तर १६८चं फ्लायव्हील आणि बारा व्होल्टचा सेल्फ घ्या. अदलाबदल झाली तर सेल्फ एकतर पोचत नाही किंवा किंचाळून दात खातो. बसवायच्या आधी दात खरोखर मोजा, एका दातावर खडूची खूण करून. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.

फ्लायव्हीलचा पृष्ठभाग लेथवर साफ करून घ्या. क्रँकच्या फ्लँजवर रंगाचा किंवा गंजाचा पापुद्रा राहू देऊ नका. मागचं दोरीचं सील नीट घोळून खाचेत बसवा आणि टोकं कॅपच्या कडेशी धारदार ब्लेडने कापा. दोरीचा एक धागाही कॅपखाली अडकला तर मेन बेअरिंग नीट दाबलं जात नाही आणि तेल गळतं. पायलट बुशिंग रात्रभर तेलात ठेवून मग ठोका. क्लच प्लेट आधी गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकवून स्प्लाइन (शाफ्टवरच्या उभ्या खाचा) जुळतात का बघा, नंतर जुन्या शाफ्टने किंवा मापाच्या लाकडी दांड्याने मध्यावर धरून प्रेशर प्लेट आळीपाळीने आवळा.

जुनं इंजिन उतरवणं

बॅटरी सोडा. पाणी आणि तेल काढा. बॉनेट दोघांनी मिळून उतरवा, रेडिएटर काढा. पुढचा पत्रा काढला तर इंजिन सरळ पुढे येतं; नाही काढला तर फार वर उचलून तिरपं करावं लागतं.

डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या गेजला जपा. त्याची बारीक नळी आणि हेडमधला बल्ब हे एकच अखंड अंग असतं, आत उडून जाणारं द्रव भरलेलं. नट सोडताना बल्बही फिरला की नळी पिळवटते, गेज कायमचा मरतो. नटावर आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल टाका, दुसऱ्या पान्याने बल्ब धरून ठेवा आणि नळीचं वेटोळं करून फायरवॉलला टांगा.

गिअरबॉक्सखाली जॅक द्या, मग बेल हाउसिंगचे ब्लॉककडचे बोल्ट सोडा. बेल हाउसिंग आणि गिअरबॉक्स गाडीतच राहू द्या. सेल्फ, मॅनिफोल्डचा सायलेन्सर पाइप, ॲक्सिलरेटरचे सांधे आणि अर्थची पट्टी सुटली आहे का ते पुन्हा बघा. इंजिन सरळ पुढे चार-सहा इंच आणा, शाफ्ट क्लचमधून पूर्ण बाहेर आल्यावरच वर उचला. क्लच प्लेटवर इंजिनाचा भार टाकला तर तिचा मधला हब वाकतो.

जुन्या इंजिनाचा एकही कंस, नट किंवा वायसर काम संपेपर्यंत फेकू नका.

नवं इंजिन बसवणं

गाडीत एक बेल हाउसिंग, एक शाफ्ट आणि दोन गाइड पिना एवढंच लक्ष्य आहे. दोन लांब बोल्टांची डोकी कापून गाइड पिना करा, ब्लॉकच्या वरच्या दोन भोकांत लावा. गाडी गिअरमध्ये टाका. इंजिन पातळीत आणून पुढून मागे सरकवा, कोणीतरी क्रँक पुली हळूहळू फिरवत राहो, म्हणजे स्प्लाइन सापडतात. शेवटचा अर्धा इंच बोल्ट आवळून ओढायचा मोह होतो, तो आवरा. जागेवर हाताने बसत नसेल तर प्लेट मध्यावर नाही किंवा शाफ्ट बुशिंगला अडला आहे. बोल्टाने ओढलं तर बेल हाउसिंगचा कान तुटतो.

इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड २३५च्या हेडबरोबर आलेले वापरा. इनटेकच्या पोर्टमध्ये बसणारी लोखंडी कडी विसरू नका. तीच दोन्ही भोकं एका रेषेत ठेवतात. मधले क्लॅम्प २५ ते ३० पाउंड-फूट, टोकाचे १५ ते २०. टोकाचे जास्त आवळले तर गरम झाल्यावर मॅनिफोल्डला पसरायला जागा राहत नाही आणि तो चिरतो. क्लचच्या पॅडलला एक इंच मोकळी चाल ठेवा.

वायरिंग आणि गेज

सहा व्होल्टवर सेल्फ मरगळलेला वाटला तर नव्वद टक्के वेळा दोष केबलचा. दुकानात मिळणारी केबल बारा व्होल्टच्या मोटारीची, पातळ. सहा व्होल्टला १/० किंवा २/० गेजची जाड केबल लागते. इंजिन रबरावर बसलेलं आहे, म्हणून ब्लॉक ते चासी वेगळी पट्टी हवीच. ती नसेल तर करंट ॲक्सिलरेटरच्या सळईतून वाट काढतो, आणि ती तापून लाल होते.

जुना ऑइल गेज ० ते ३० पाउंडांचा. २१६ला चालत्या गाडीत १४ पाउंड दाब पुरेसा होता. २३५ त्याच्या दुप्पट-तिप्पट दाब देतं, काटा शेवटाला टेकून राहतो आणि थोड्या दिवसांत फुटतो. म्हणून यादीत ६० पाउंडांचा गेज आहे. तेलाचा बायपास फिल्टर लावणार असाल तर त्याच्या वाटेत बारीक छिद्राचा रोधक हवा. नाहीतर निम्मं तेल फिल्टरमधूनच परत जातं आणि बेअरिंगचा दाब पडतो.

पहिल्यांदा सुरू करताना

डिस्ट्रिब्यूटर काढा, लांब सपाट स्क्रूड्रायव्हर ड्रिलला लावून तेलाच्या पंपाचा शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवा. गेजवर दाब यायला हवा. त्यानंतर टॅपेट कव्हर उघडं ठेवून रॉकर बघा. तिथे तेल पोचायला थोडा वेळ लागतो, पण पोचलंच पाहिजे. या इंजिनाचं ठरलेलं दुखणं म्हणजे ब्लॉकमधून रॉकर शाफ्टला जाणारी बारीक वाट चिखलाने तुंबणं. खाली दाब चांगला आणि वर कोरडं, असं दिसलं तर इंजिन सुरू करू नका. ती वाट तार घालून आणि हवा मारून मोकळी करा.

एक नंबरचा प्लग काढा, भोकावर अंगठा धरा, क्रँक फिरवा. अंगठा उडाला की कॉम्प्रेशनचा फेरा. आता बेल हाउसिंगच्या खिडकीत फ्लायव्हीलमधली बारीक पोलादी गोळी दर्शकासमोर आणा. त्या स्थितीत डिस्ट्रिब्यूटर बसवा, रोटर एक नंबरकडे. शेवटचा पाव इंच तो खाली जात नसेल तर पंपाच्या शाफ्टची खाच जुळलेली नाही. दाबू नका, खाच थोडी फिरवून पुन्हा बसवा. फायरिंग क्रम १-५-३-६-२-४, घड्याळाच्या दिशेने. प्लगची फट ०.०३५ इंच. फ्लायव्हील दुसऱ्या गाडीचं असेल तर गोळी खरोखर एक नंबरच्या पिस्टनशी जुळते का, ते पिस्टन वर आणून पडताळा.

कॅम किंवा टॅपेट नवे असतील तर सुरू होताच इंजिन १५०० ते २००० फेऱ्यांवर वीस मिनिटं ठेवा. आयडलवर तेल कॅमवर उडत नाही. जुने असतील तर सावकाश गरम होऊ द्या.

टॅपेट गरम इंजिनावरच सेट करायचे. सॉलिड टॅपेटला नेहमीची फट इनलेट ०.००६ आणि एक्झॉस्ट ०.०१३ इंच, पण तुमच्या इंजिनाच्या वर्षाच्या शॉप मॅन्युअलचा आकडा अंतिम माना. शंका असेल तर किंचित सैल ठेवा. सैल टॅपेट नुसता वाजतो, घट्ट असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. हायड्रॉलिक टॅपेटना हे माप लावू नका, त्यांची पद्धत वेगळी आहे.

रेडिएटर जुनाच असेल तर त्यावर जास्त दाबाचं झाकण लावू नका. सत्तर वर्षांचं डाग दिलेलं कोअर तो दाब सोसत नाही.

पहिले पाचशे मैल

तेल बदला. हेडचे बोल्ट ९० ते ९५ पाउंड-फुटांवर पुन्हा तपासा, मधून बाहेरच्या क्रमाने, आणि त्यानंतर टॅपेट पुन्हा बघा. हेड दबलं की फट बदलते. बेल हाउसिंगच्या तळाला तेलाचा थेंब दिसला तर लगेच मागच्या सीलला दोष देऊ नका. आधी टॅपेट कव्हर आणि पुशरॉड कव्हरचं गास्केट पुसून बघा, तेल तिथूनच ओघळून मागे जातं. कार्ब्युरेटर रॉचेस्टर बी असेल आणि आयडल कधीच बसत नसेल, तर त्याच्या वरच्या झाकणाला वाक आला आहे. काचेवर ठेवून बघा, डुगडुगेल.

उतरवलेल्या २१६च्या प्लगच्या भोकांत दोन-दोन चमचे तेल टाका, क्रँक दोनदा फिरवा, सगळी तोंडं बंद करून लाकडी घोडीवर ठेवून द्या. गाडी कधी विकायची ठरली तर मूळ इंजिन सोबत असलेलं खरेदीदाराला हवंच असतं.